दुधीच्या अंगातला वात

गुरुवार उजाडला की हिवरखेडच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची. तेल्हाऱ्याहून, अकोटहून, अंजनगावहून लोक यायचे. कोणी काठी टेकत, कोणी पोराच्या खांद्यावर भार टाकून. एक म्हातारी तर भाजीच्या हातगाडीवर बसून आली होती. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं मोठं शेड होतं, पूर्वी तिथे कापूस साठवायचे. आता तिथे वाटीवाले महाराज बसायचे.

विधी अगदी सोपा. रोग्याला पाटावर बसवायचं, तळपायाला गाईचं तूप आणि चिमूटभर भस्म लावायचं, आणि काशाची वाटी उपडी धरून तळव्यावर गोल गोल घासत राहायचं. पाच मिनिटांत तळवा तव्याच्या बुडासारखा काळा व्हायचा. मग महाराज तो पाय उचलून गर्दीला दाखवायचे.

"पाहा! हा वात! बरसों पुराना! हड्डीत लपून बसला होता चोर, माझ्या वाटीनं त्याला कान धरून बाहेर काढला! डॉक्टरच्या मशीनमध्ये दिसतो का हा? नाही दिसत! इथे दिसतो!"

"वाटीवाले महाराज की जय!" शेड दणाणायचं.

एवढ्यावरही कोणाच्या मनात शंका उरलीच, तर त्यांच्यासाठी शालू होती.

शालूला दर गुरुवारी ओट्यावर उभं करायचे. अडतीस वर्षांची, फुलांचा मळा करणाऱ्या माळ्याच्या घरची बाई. महाराज म्हणायचे, "या बाईला गठिया होता, संधिवात. गळ्यात थायरॉईड होतं. अंगात रक्त नव्हतं. तीन-तीन रोग! शालू, मूठ मिट." शालू दोन्ही हात वर करून मुठी मिटायची. समोरच्या बायांच्या डोळ्यांत पाणी यायचं. "चेहरा पाह्य कसा भरला तिचा," त्या एकमेकींना म्हणायच्या. आणि रांगेतली माणसं पुढे सरकून ओट्यापाशी ठेवलेल्या हांडीत आपल्या दवाखान्याच्या गोळ्या टाकायची. महाराजांचा नियमच होता, की दोन डगरींवर पाय ठेवायचा नाही.

मुठी मिटून उभ्या असलेल्या शालूच्या छातीत तेव्हा धडधडत असायचं. रात्री झोप नसायची. दंडावर, मांडीवर काही लागलेलं नसताना निळे डाग उठायचे. पण हे सांगणार कोणाला? ती बरी झाली आहे, हे सगळ्या तालुक्याने ठरवून टाकलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, काय मूर्ख लोक आहेत. तसं म्हणणं सोपं आहे. ज्याला सकाळी उठून स्वतःच्या हाताने नळ सोडता येत नाही, त्याने म्हणून दाखवावं.

चार वर्षांपूर्वी शालूची बोटं सुजायला लागली. पहाटे शेवंती तोडायला गेली की देठ चिमटीत धरवेना. हार ओवताना सुई हातातून सुटायची आणि तिला कळायचंही नाही. पुढे पुढे सकाळचे दोन तास सांधे आखडलेलेच असायचे. ब्लाउजचे हूक सासू लावून द्यायची. शालूला त्याची दुखण्याहूनही जास्त लाज वाटायची.

अकोल्याच्या डॉक्टर रागिणीताईंनी रक्त तपासलं आणि एकाच्या जागी तीन आजार निघाले. रुमेटॉइडचा संधिवात, म्हणजे शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलेलं. थायरॉईड मंदावलेलं. आणि रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, अवघं सात. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, रोज उपाशी पोटी थायरॉईडची, तिच्यापासून चार तास दूर ठेवून लोहाची. "हा आजार जन्माचा आहे, पण ताब्यात राहतो. गुण यायला वेळ लागेल," डॉक्टर म्हणाल्या होत्या. घरच्यांनी त्यातला 'जन्माचा' एवढाच शब्द ऐकला.

सासू मैनाबाई वाईट बाई नव्हती. सुनेची वेणी तीच घालायची, भाकरी तीच थापायची. पण गोळीच्या दिवशी शालू मळमळून पडलेली असायची, लोहाच्या गोळीने पोट बिघडायचं आणि महिने जाऊनही सूज पुरती उतरत नव्हती, हे सगळं ती उघड्या डोळ्यांनी पाहत होती. अशात रस्त्यावरच्या शेडमध्ये महाराज येऊन बसले.

त्यांना मैनाबाईला नवीन असं काही शिकवावंच लागलं नाही. काशाची वाटी तिच्याच घरात होती, तिच्या आईने लग्नात दिलेली. डोळ्यांची आग झाली की तळव्यांना तूप लावून ती वाटी घासायची, तळवे काळे झाले की उष्णता निघाली म्हणायची. घरोघरी हेच चालतं. महाराजांनी उष्णतेच्या जागी वात ठेवला आणि घरोघरची ही रीत ओट्यावर नेली.

शालूने आपल्या गोळ्या हांडीत टाकल्या. वाटीच्या जोडीला सकाळ-संध्याकाळ घ्यायची एक पुडी मिळाली, जडीबुटीची, मातकट रंगाची. आणि चौथ्या दिवशी तिची मूठ मिटली.

हे खोटं नव्हतं. मूठ खरंच मिटली. ती न्हाणीत जाऊन रडली, मग स्वतःच्या हाताने हूक लावले आणि गावभर तीच सांगत सुटली. आज आठवलं की तिला त्या सांगत सुटण्याचीच जास्त शरम वाटते.

पाच महिने झाले. चेहरा गोल झाला, भूक वाढली, "अंग धरलं पोरीनं" म्हणून बाया कौतुक करू लागल्या. मग एकदा महाराज बाहेरगावी गेले आणि पुड्या संपल्या. दुसऱ्या दिवशी शालूला उलट्या सुरू झाल्या, उभं राहिलं की घेरी, आणि सांध्यांतून अशी आग उठली की अंगावरची चादर सहन होईना.

"तुह्या मनात संशय आला असन," मैनाबाई उशाशी बसून म्हणाली. "खरं सांग."

"नाई व आत्याबाई. काईच नाई आला."

"मंग वात काहून उलटला?"

नवरा शेषराव मोटारसायकल घेऊन महाराज होते त्या गावी गेला आणि पुड्या घेऊन आला. दोन पुड्यांत शालू उठून बसली. पुढच्या गुरुवारी महाराजांनी ओट्यावरून जाहीर केलं, "वात रुसला होता! पुडी चुकली की रुसतो!" लोकांची श्रद्धा दुप्पट झाली. शालूला मात्र त्या दिवसापासून भीती वाटू लागली, की आपण आता या पुडीच्या बाहेर जगू शकत नाही.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. महाराजांनी सिद्ध करून दिलेली वाटी घेऊन शालू स्वतःच तळवा घासायला बसली. वाटी तुपाने निसरडी झालेली, हातातून सटकली आणि भस्म कालवलेलं तूप पाटावर सांडलं. घरचं तूप. टाकवेना म्हणून तिने ते वाटीच्याच बुडाने गोळा करायला घेतलं, गोल गोल फिरवून.

पाट काळा झाला.

शालू पाहतच राहिली. तिने पाट पुसला, कोरडा केला, पुन्हा तूप-भस्म लावून घासला. पुन्हा काळा. बाजारात न्यायच्या टोपलीत कोवळे दुधी होते, त्यातला एक तिने मांडीवर घेतला. दुधीही काळा झाला. मग तिने फळीवरून सासूची जुनी वाटी काढली, जिला कोणत्याही महाराजाने कधी हात लावला नव्हता. त्या वाटीनेही दुधी तसाच काळा झाला.

नववी शिकलेल्या बाईने भर दुपारी स्वयंपाकघरात जे केलं, त्याला प्रयोग म्हणतात. शंका आली, पुन्हा करून पाहिलं, दुसरी वस्तू घेतली, दुसरी वाटी घेतली. मोठमोठ्या पदव्या घेतलेली माणसं त्या शेडमध्ये गाडीने येत होती, त्यांच्यातल्या एकालाही हे सुचलं नव्हतं.

संध्याकाळी तिने शेषरावला सांगितलं.

"आता हे कोनाले बोलू नको," तो म्हणाला.

"काहून?"

"गावाले तूच सांगतलं न? आता तूच उलटली तं लोक काय म्हनतीन? अन् पुडी बंद केली त्यानं, मंग? तवा पाह्यलं न कशी झाली होती तू? मले तुले मरतानी नाई पाहाचं, शालू."

तो खरं बोलत होता. वाटी खोटी, हे तर तिला कळलं होतं. पण मूठ मिटत होती ती कशाने?

राखीला ती अकोल्याला भावाकडे गेली. भाऊ गजेंद्रला म्हणाली, "राखी मंग बांधतो. पयले मले दवाखान्यात ने."

रागिणीताईंनी तिला ओळखलंच नाही, इतका चेहरा बदलला होता. त्यांनी दंडावरचे निळे डाग पाहिले, साखर तपासली, ती वाढलेली निघाली. हातांचा एक्स-रे काढला. मग पदरात बांधून आणलेली पुडी त्यांनी कागदावर ओतली आणि बोटाने पसरली.

"शालूताई, यात स्टेरॉइड असणार. मी तपासायला पाठवते, औषध खात्यालाही कळवते. पण तुमचा चेहराच सांगतोय."

"पन माही मूठ तं मिटते ताई."

"मिटणारच. स्टेरॉइड सूज दाबतं. आम्हीही देतो ते, पण मोजून आणि थोडे दिवस." त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. "हे बघा. दुखणं थांबलं होतं, आजार थांबला नव्हता. ही बोटांची हाडं कडेने खाल्ली गेली आहेत. तुमच्या खऱ्या गोळ्या हे थांबवत होत्या. त्याच तुम्ही सोडल्या. रक्तही आता सहावर आलंय."

शालूने एक्स-रेकडे पाहिलं. आपलाच हात तिला परक्या माणसाचा वाटला. "हे भरून येईन का?"

"झिजलं ते परत येत नाही. पुढचं वाचवता येईल."

"मंग आजपासून पुडी बंद."

"नाही!" डॉक्टर घाईने म्हणाल्या. "बाहेरून इतकं स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. एकदम बंद केलं म्हणून त्या दिवशी तुमची तशी हालत झाली. वात-बीत काही रुसला नव्हता. मी मोजलेली गोळी देते, ती हळूहळू कमी करायची. काही महिने लागतील."

सुटायला म्हणून शालू आली होती, आणि दोरी किती लांब आहे तेवढं फक्त कळलं होतं. परत जाताना गोळ्यांची पाकिटं तिने पिशवीत फुलांच्या दोऱ्याच्या रिळांखाली ठेवली. घरी पुडी चुलीत जायची आणि गोळी पोटात.

पुढच्या गुरुवारी ती एक दुधी पिशवीत घालून शेडमध्ये गेली. सगळ्यांसमोर बोलायचं ठरवूनच. पण ओट्यावर चढली, समोर चार-पाचशे डोळे, पहिल्या रांगेत सासू हात जोडून बसलेली. तिने मुकाट्याने मूठ मिटली. दुधी घरी परत आला आणि त्याची भाजी झाली. दुसऱ्या गुरुवारीही तेच झालं. तिसऱ्या गुरुवारी शेषराव भाकरी मोडत म्हणाला, "दर गुरुवारी दुधीच काहून व?" शालूने त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली.

चौथ्या गुरुवारी सकाळी रागिणीताईंनी मोबाइलवर पुडीच्या तपासणीचा अहवाल पाठवला. शालूने या वेळी दुधीसोबत सासूची जुनी वाटीही पिशवीत टाकली.

शेडमध्ये तिच्या शेजारी तेल्हाऱ्याची एक पोरगी येऊन बसली. प्राजक्ता नाव, बावीस वर्षांची. बोटांची मधली पेरं सुजलेली, चार वर्षांपूर्वी शालूची होती तशीच. हातात गोळ्यांची पाकिटं घट्ट धरलेली.

"तुमाले पाहूनच आलो ताई," प्राजक्ता म्हणाली. "मोबाइलवर तुमचा व्हिडिओ पाह्यला. सहा महिन्यांपासून गोळ्या खाऊन राहिलो. थोडासा फरक हाय. पन आई म्हनते, त्या बाईले चार दिवसांत आराम पडला, तं तुले काहून नाई?"

"थोडा फरक हाय?" शालूने विचारलं.

"हो, थोडा."

तो थोडा फरक म्हणजे काय असतो, हे त्या शेडमध्ये एकट्या शालूला ठाऊक होतं. पोरीची हाडं अजून शाबूत होती.

प्राजक्ताला पाटावर बसवलं. तळवा काळा झाला. जयजयकार झाला. "शालू, मूठ मिट!" महाराजांनी हाक दिली. प्राजक्ता पाकिटं घेऊन हांडीकडे निघाली होती.

"थांब व पोरी," शालू म्हणाली, आणि पिशवीतून दुधी काढून पाटावर ठेवला. "महाराज, आज याले वात झाला हाय. काढा बरं."

गर्दीत हशा पिकला. महाराजही हसले, पण डोळे हसले नाहीत. "बाई, मस्करी करतेस? देवाची वाटी आहे ही. भाजीला लावली तर सगळ्या गावाला पाप लागेल!"

"मंग माह्याजवळ दुसरी हाय. आत्याबाई, या वरते. तुमच्या मायनं देल्लेली वाटी हाय. तुमीच घासा."

मैनाबाई संतापाने तरातरा ओट्यावर चढली. सुनेने भर सभेत लाज काढली होती. "आन इकडे!" तिने वाटी हिसकली. "काईच निघनार नाई. पाहून घे!" तिने दुधीला महाराजांचंच तूप लावलं, त्यांचंच भस्म चोळलं आणि जोर लावून घासू लागली. दोन मिनिटं. तीन मिनिटं. मग तिचा हात थबकला. तिने पदराने दुधी पुसला आणि दुसऱ्या बाजूने घासायला घेतलं. ती बाजूही काळी पडली.

"दुधीले गठिया झाला रे!" मागून कोणीतरी ओरडलं आणि शेड हसण्याने फुटलं.

"शांत!" महाराज गरजले. "माझ्या शक्तीने त्या वाटीतही..."

"वाटी माही हाय," मैनाबाई म्हणाली. ती अजून दुधीकडेच पाहत होती. "माह्या मायची. तुमी तिले कवा हात लावला?"

तेवढ्यात गर्दीतून प्राजक्ताची आई उठून उभी राहिली. "वाटीचं राहू द्या. या बाईची मूठ तं मिटते न? ते कसं?"

हसू थांबलं. शालूने खाली उभ्या असलेल्या शेषरावकडे मोबाइल धरला. "तुमी वाचा," ती म्हणाली.

शेषरावने एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग अडखळत वाचलं, "पुडीत... डेक्सा... डेक्सामेथासोन. स्टेरॉइड. अन् दुखण्याची गोळी." त्याचा आवाज चढला. "जडीबुटी म्हनून हे चारून राहिले होते तुमी माह्या बायकोले?"

शालूने पदर सरकवून दंड उघडा केला. निळे डाग समोरच्या रांगेला दिसले. "हे पाहा. माह्या तोंडावर तेज नाई, सूज हाय. माही मूठ मिटली अन् आतून हाडं झिजली, ते आता परत येत नाई. मी तुमाले खोटं सांगतलं, काहून की मलेच खरं माहीत नव्हतं. अन् एक ऐका. ज्यानं पुडी खाल्ली त्यानं आज रागानं फेकून देऊ नका. पुडी घेऊन दवाखान्यात जा, डॉक्टरले दाखवा, ते हळूहळू सोडवतीन. मी अजून सुटली नाई."

प्राजक्ता हांडीपाशी उभी होती. तिने पाकिटं ओढणीच्या टोकात बांधली आणि आईचा हात धरून बाहेर पडली. गोंधळात महाराज मागच्या दाराने गेले. औषध खात्याची माणसं आली तेव्हा शेडच्या मागच्या खोलीत पांढऱ्या गोळ्यांचे डबे आणि एक मिक्सर सापडला. जडीबुटी म्हणून मुलतानी माती होती.

सगळं गाव शहाणं झालं, असं सांगायला मला आवडलं असतं. काही जण अजूनही म्हणतात, की त्या बाईनेच महाराजांना घालवलं आणि आमचा आराम गेला.

तर वाटीची गोष्ट एवढीच आहे. कासं म्हणजे तांबं आणि कथील. भस्माने ते घासून निघतं, तुपात कालवलं जातं आणि काळं दिसतं. ते तळव्यावर दिसेल, पाटावर दिसेल, दुधीवरही दिसेल. उद्या तुमच्या गावात कोणी अंगातून काही काढून दाखवलं, तर आधी त्याला एक दुधी द्या. तो रागावला, तर ओळखा. आणि चार दिवसांत गुण देणारी पुडी कोणी दिली, तर आत काय आहे ते विचारा. विचारणं म्हणजे अश्रद्धा नाही. आपल्या हाडांची काळजी आहे ती.

शालूची मूठ आता सकाळी मिटत नाही. दहा वाजले की थोडी मिटते. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली आहेत, ती तशीच राहणार. उपाशी पोटी एक गोळी, चार तासांनी दुसरी, रविवारी आठवड्याची, आणि स्टेरॉइडची दर महिन्याला थोडी कमी. रक्त नऊवर आलंय. प्राजक्ता कधीमधी फोन करते, तिच्या पेरांची सूज उतरली आहे. त्या दिवशी फोन ठेवल्यावर शालू किती तरी वेळ आपली वाकडी बोटं कुरवाळत बसते.

दुपारी काम आटोपलं की मैनाबाई आजही सुनेचे पाय मांडीवर घेते आणि त्याच जुन्या वाटीने तळवे घासते. शालूला बरं वाटतं. तळवे काळे होतात. मैनाबाई ओल्या फडक्याने ते पुसते.

"वाटीचा रंग हाय," ती म्हणते. "गोळी घेतली का व तू?"